पुनर्जन्म माणसाचा की जातीचा?

"पुनर्जन्म मानत नाही? मग तुम्ही बौद्ध कसले? फार तर आंबेडकरवादी म्हणा स्वतःला!"

हे वाक्य इतक्या तोंडून ऐकून झाले आहे की आता त्याचा राग येत नाही, कंटाळा येतो. बिबवेवाडीत, अप्परच्या वस्तीत, रविवारी वंदना संपली की पोरे विहाराच्या पायरीवर टेकतात. कुणी मार्केट यार्डातल्या गाळ्यावर हिशेब लिहिणारा, कुणी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कुणी डिलिव्हरीची गाडी बाजूला लावून आलेला. तिथे हा प्रश्न परत परत येतो. कधी तो शेजारच्या सोसायटीतला सवर्ण मित्र खांद्यावर हात ठेवून विचारतो, "शेवटी तुमचं-आमचं एकच ना रे? कर्म, पुनर्जन्म, मोक्ष!" कधी दहा दिवस मौन पाळून आलेला आपलाच माणूस विचारतो, आणि दहा दिवसांचे साठलेले सगळे मौन आपल्यावर रिकामे करतो. कधी मोबाईलवर परदेशी भिक्षूंची प्रवचने ऐकून रातोरात 'अस्सल बौद्ध' झालेला एखादा दोस्त विचारतो. सूर वेगळा, निकाल तोच: तुमचा धम्म कच्चा. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले (२०११ ची जनगणना), आणि ह्या ६५ लाखांनी बौद्धपणाचा दाखला कुणा तिऱ्हाइताकडून आणायचा!

तेव्हा एकदाचे सरळ बोलू. बौद्ध म्हणून जगायला पुनर्जन्मावर श्रद्धा लागत नाही. माझे म्हणणे ह्याच्या पुढे आहे. ज्या अर्थाने हा शब्द आपल्या गल्लीत चालतो, त्या अर्थाने तो मानणे म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे उंबऱ्याबाहेर टाकले ते मागच्या दाराने घरात घेणे आहे.

हा पंडितांचा वाद आहे, आपल्याला काय करायचे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी वस्तीतलीच गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक बाई आहे. धुणीभांडी करते. तिचे पोरगे नऊ वर्षांचे, पायावर उभे राहात नाही, बोलणे तिच्याशिवाय कुणाला कळत नाही. बाळंतपणात उशीर झाला, पोर जन्मल्यावर रडलेच नाही, एवढे तिला ठाऊक आहे. एका कार्यक्रमात एका शिकल्या-सवरल्या गृहस्थाने तिला समजावले — गृहस्थ बौद्धच, पांढरे कपडे, आवाज मऊ — की बाई, मनाला लावून घेऊ नका, हे मागच्या जन्मीचे संस्कार आहेत, त्याचेही आणि तुमचेही. बाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मागल्या जन्मी मी कोण होते ते मला ठाऊक नाही, तर ह्याला कसं ठाऊक?"

शाळा चौथी पास झालेल्या ह्या बाईने जो प्रश्न विचारला तो अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाने निगंठांना विचारला होता. मज्झिम निकायातले देवदह सुत्त काढून बघा. निगंठ म्हणत, माणूस सुखदुःख जे काही भोगतो ते सगळे पूर्वकर्माने. बुद्ध त्यांना शांतपणे उलटतपासणीला घेतो: तुम्ही पूर्वी होता हे तुम्हांला माहीत आहे? नाही. पूर्वी पाप केले हे माहीत आहे? नाही. अमुक एक पाप केले हे? नाही. किती दुःख फेडून झाले, किती उरले, ते? तेही नाही. वकिली उलटतपासणीच आहे ही. बाबासाहेबांनी हे सुत्त आपल्या ग्रंथात मुद्दाम घेतले, त्यात नवल नाही.

आणि बुद्ध स्वतः आजाऱ्यापुढे कसा वागला? महावग्गात प्रसंग आहे. एक भिक्खू पोट बिघडून आपल्याच मलमूत्रात पडला होता, कुणी फिरकत नव्हते. बुद्धाने त्याला विचारले, की तुझी शुश्रूषा करणारे कुणी नाही का? मग आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि नंतर बाकीच्या भिक्खूंची खरडपट्टी काढली. त्या माणसाचे पूर्वजन्मीचे खाते कुणी उघडले नाही. मऊ आवाजाच्या त्या गृहस्थाला मी एवढेच सुचवीन, की पोराला उचलून दवाखान्याच्या पायऱ्या चढवायला आईला एक हात कमी पडतो. तो हात द्या. संस्कारांचे नंतर बघू.

आता कुणी म्हणेल, त्याने धीर देण्यासाठी म्हटले. असेल. पण हाच धीर आपल्या बापजाद्यांना हजारो वर्षे दिला गेलाय. छांदोग्य उपनिषदात स्वच्छ लिहिले आहे: ज्यांचे आचरण चांगले ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्याच्या पोटी येतात, ज्यांचे वाईट ते कुत्रीच्या, डुकरिणीच्या नाहीतर चांडाळाच्या. कुत्रा, डुक्कर आणि आपण, एका रांगेत! हे तत्त्वज्ञान एवढे मुरले की ज्याच्यावर लादले त्याच्याच तोंडून ते बोलू लागले. चोखोबांसारखा माणूस, विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारण्याची ज्याची छाती होती, तोसुद्धा आपल्या अभंगात आपल्या महार जन्माचे कारण मागल्या जन्मीच्या निंदेत शोधतो. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असताना ती भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या गावकुसाच्या आत राहायला ज्यांना परवानगी नव्हती त्यांनाच ते बांधायला लावले होते. ह्याचे उत्तर गावाच्या व्यवस्थेत शोधायचे की चोखोबांच्या पूर्वजन्मात? पूर्वजन्मात शोधले की पाटील सुटला, देशमुख सुटला, राजा सुटला. मेलेलाच आरोपी ठरला.

आणि हे सगळे जुने झाले असे समजू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये आसामच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर भाषणात सांगितले की काहींना कर्करोग होतो तो पापाचे फळ म्हणून, ईश्वरी न्याय म्हणून, आणि ते पाप ह्या जन्मीचे असेल नाहीतर मागल्या जन्मीचे. आरोग्यमंत्री बरे का! इस्पितळे बांधणे ज्याचे काम, त्याने आजाराचे कारण चित्रगुप्ताच्या वहीत दाखवले. गटारात उतरलेला माणूस गुदमरतो तो विषारी वायूने. ही कामे बंद करणारा कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. माणसे अजून मरतात. पूर्वजन्माच्या हिशेबात ठेकेदाराचे नाव कुठेच येत नाही, म्हणून तो हिशेब ठेकेदाराला आवडतो.

बाबासाहेबांनी नेमके हेच बोट ठेवले. गेल्या जन्मीच्या कर्माचा वारसा ह्या जन्मी मिळतो, हा सिद्धांत कशासाठी काढला असेल? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांचे उत्तर असे, की गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने अंगावरून झटकावी, ह्याखेरीज दुसरा हेतू दिसत नाही. इतकी अमानुष आणि हास्यास्पद कल्पना एरवी कुणाला सुचलीच नसती.

हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. प्रस्तावनेतच त्यांनी चार कूटप्रश्न मांडले, त्यातला तिसरा हा: बुद्धाने आत्मा नाकारला, तरी कर्म आणि पुनर्जन्म स्वीकारला असे सांगतात, आत्माच नाही तर जन्म कुणाचा? मग चौथ्या खंडाच्या दुसऱ्या भागात ते दोन वेगळे प्रश्न करतात. पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कुणाचा? पहिल्याचे उत्तर देतात, की पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली द्रव्ये मरणानंतर आकाशातल्या आपापल्या राशीत मिसळतात, पुन्हा एकत्र येतात, त्याला पुनर्जन्म म्हणा हवे तर. पण त्याच माणसाचा, त्याच आत्म्याचा पुन्हा जन्म? तो नाही. आत्माच नाही.

ह्या ग्रंथावर १९५९ साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात जे परीक्षण आले त्यात, हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा धम्म आहे, असा सूर लावला होता. तोच सूर आज मोबाईलवर ऐकू येतो. त्याला आपले ठराविक उत्तर काय? "बाबासाहेबांनी सांगितलं म्हणजे संपलं!" माझ्या दोस्तांनो, इथे माझे तुमच्याशी भांडण आहे. असे उत्तर देणारा बाबासाहेबांचा अनुयायी असेल, पण वाचक नाही. प्रस्तावनेच्या शेवटी ते म्हणतात की हे प्रश्न मी मांडले ते वाचकांनी पुढे येऊन ते सोडवायला हातभार लावावा म्हणून. त्यांनी आपल्याला कामाला लावले आणि आपण पुस्तकाला हार घालून मोकळे झालो.

तर हातभार लावू. पहिल्यांदा जे खरे आहे ते मान्य करू. पाली ग्रंथांत पुनर्जन्म आहे. थोडाथोडका नाही, पानोपानी आहे. तो ब्राह्मणांनी मागाहून घुसडला, असे सरसकट म्हणून भागत नाही. मज्झिम निकायातच चूळकम्मविभंग सुत्त आहे. सुभ नावाचा ब्राह्मण तरुण विचारतो, माणसांत उच्चनीच, गरीब-श्रीमंत, रोगी-निरोगी का? आणि तिथे बुद्धाच्या तोंडी उत्तर येते ते मागल्या जन्मीच्या कर्माचे: गर्विष्ठ होता म्हणून नीच कुळात जन्मला, दान दिले नाही म्हणून दरिद्री झाला. हे वाचून पोटात ढवळते. ढवळू द्या. जे आपल्याला झोंबते ते झाकून ठेवायला आपण काही मठाधिपती नाही.

पण त्याच पाली साहित्यात दुसरेही आहे. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो, सगळे सुखदुःख पूर्वकर्माने होते असे म्हणतात ते खरे का? बुद्ध म्हणतो, नाही. पित्ताने दुखते, कफाने दुखते, वाताने, हवा बदलल्याने, हयगयीने, कुणी मारहाण केल्याने. कर्माचे फळ हे आठांतले एक कारण. हे जगाला ठाऊक असताना सगळे पूर्वकर्मावर घालणारे अनुभवाच्या पुढे धावतात. अंगुत्तर निकायात तर पूर्वकर्मवाद, ईश्वरवाद आणि अकारणवाद ह्या तिघांना एकाच दावणीला बांधले आहे, कारण तिघांचा परिणाम एकच: काय करावे, काय करू नये, ह्याची इच्छाच मरते. मच्छीमाराचा पोरगा साती नावाचा भिक्खू म्हणत होता की हेच विज्ञान एका देहातून दुसऱ्यात फिरत राहते. त्याला बुद्धाने सगळ्यांसमोर झापले आहे. बाबासाहेबांनी बुद्धाचे म्हणणे त्याच्या हयातीतच चुकीचे सांगितले गेल्याची पाच उदाहरणे दिली, त्यात ह्या सातीचे सुत्त आहे. कर्म आणि पुनर्जन्माच्या बाबतीत हा घोटाळा नेहमीचा, असा त्यांचा अभिप्राय.

मग दोन्ही तऱ्हेची वचने समोर असताना निवडायचे कसे? बाबासाहेबांची कसोटी साधी आहे. जे बुद्धीला धरून आहे ते बुद्धाचे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही त्या वादात बुद्ध पडला नाही. ही कसोटी त्यांनी हवेतून आणलेली नाही. मालुंक्यपुत्ताने हट्ट धरला होता, जग शाश्वत की अशाश्वत, मेल्यावर तथागत असतो की नसतो हे सांगाल तरच तुमच्याकडे राहतो. त्याला मिळालेले बाण लागलेल्या माणसाचे उत्तर आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. आणि कालामांना सांगितलेला शेवटचा भाग मात्र आपण वाचतच नाही. तिथे बुद्ध म्हणतो, ज्याचे मन वैरमुक्त झाले त्याला चार दिलासे आहेत. परलोक असेल, कर्माचे फळ असेल, तर त्याचे भलेच होईल. नसेल, तरी तो इथे, ह्याच जन्मी, निर्वैर आणि सुखी जगतो. बघा, "नसेल तरी" हे शब्द खुद्द बुद्धाचे आहेत. ज्या घराच्या मालकाने दाराला कुलूप लावले नाही त्या घरापुढे हे नवे राखणदार दंडुका घेऊन उभे आहेत.

आपणच तेवढे असा विचार करतो असेही नाही. मद्रासकडच्या पी. लक्ष्मी नरसूंनी १९०७ साली बौद्ध धर्माचे सार सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. आत्म्याचे संक्रमण त्यांनी त्यात मोडीत काढले होते. तेच पुस्तक १९४८ साली बाबासाहेबांनी स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा छापवले. ज्यांना वाटते की ही १९५६ च्या घाईतली कल्पना होती, त्यांनी ही साल लक्षात ठेवावी. थायलंडात बुद्धदास भिक्खू १९०६ ते १९९३ जगले. चीवर घातलेले, जंगलात आश्रम करून राहिलेले. प्रतीत्यसमुत्पादातला 'जन्म' म्हणजे आईच्या पोटातून बाहेर पडणे नव्हे, मनात 'मी' आणि 'माझे' उठते तो क्षण, असे ते आयुष्यभर शिकवत राहिले. त्यांना कुणी थायलंडच्या बाहेर काढले नाही. उलट पुनर्जन्म जिथे कडक आहे तिथे काय होते तेही पाहावे. तिबेटात गादीचा वारसा पुनर्जन्माने ठरतो. २००७ साली चीन सरकारने नियम काढला की जिवंत बुद्धाने पुन्हा जन्म घ्यायचा तर सरकारी मंजुरी पाहिजे. रेशनकार्डासारखा पुनर्जन्माचाही अर्ज! दलाई लामांच्या लढ्याविषयी मला आदर आहे, त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते कोण जाणे. पण जो सिद्धांत कम्युनिस्ट सरकारच्या खात्यालाही राबवता येतो तो अध्यात्माचा कमी आणि सत्तेचा जास्त असावा, अशी मला शंका येते.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एका विद्वान भिक्खूंनी तो चांगला मांडला होता. ते म्हणाले, मेल्यावर सगळेच संपत असेल तर दुःखही संपते. मग अष्टांग मार्ग कशाला? मरण हेच स्वस्तातले निर्वाण! प्रश्न खोचक आहे, आणि त्यात एक गृहीत लपलेले आहे: दुःख म्हणजे 'माझे' दुःख. बुद्धाने ज्या 'मी'ला खोडले त्याच 'मी'चा हिशेब इथे चालला आहे. बाबासाहेब म्हणतात, माणूस एकटाच असता तर धम्माची गरज नव्हती. दोन माणसे आली की धम्म आला. मी मेलो तरी दुसरा माणूस उरतोच, आणि त्याचे दुःखही उरते. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. आपला जन्म हाच आपला जीवघेणा अपघात, असे लिहून गेला. त्याच्या मरणाने कुणाचे दुःख संपले? आईचे? भावाचे? पुढच्या वर्षी कॉलेजात आलेल्या पोरांचे? त्याच वर्षी १४ एप्रिलला दादरला त्याच्या आईने आणि भावाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. रोहित पुढच्या जन्मी कुठे असेल ह्याची चौकशी करायला ती माणसे आली नव्हती. ती इथे, ह्या जगात, ताठ उभी राहायला आली होती.

बावीस प्रतिज्ञांत पुनर्जन्म शोधायचाच असेल तर एकविसावी प्रतिज्ञा काढा. आज आपला नवा जन्म होतो आहे, असे मानण्याची ती प्रतिज्ञा. आज! मेल्यावर नाही, दुसऱ्या योनीत नाही. एका ऑक्टोबरच्या सकाळी लाखो माणसे उभी राहिली तेव्हा ज्या देहात महार होता त्याच देहात बौद्ध उभा राहिला. मला तरी ह्याहून मोठा पुनर्जन्म ठाऊक नाही, आणि ह्याला साक्षीदारही भरपूर आहेत.

आता मला जे खरे बोलायचे आहे ते. आत्म्याशिवाय पुनर्जन्म होतो कसा, हा प्रश्न मिलिंद राजाने नागसेनाला विचारला. नागसेन म्हणाला, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावावा तसा. ज्योत पलीकडे उचलून नेलेली नसते, तरी दुसरा दिवा पहिल्यामुळेच पेटतो. मी हे वाचले तेव्हा मला माणूस आठवला नाही, जात आठवली. जातीला आत्मा नाही. तिला कुणी चिमटीत धरून दाखवू शकत नाही. तरी ती बापावरून पोरावर, गावावरून शहरावर, दिव्यावरून दिवा लागावा तशी लागत जाते. खेड्यातला महारवाडा सोडून बाप मार्केट यार्डात पोती उचलायला आला, ती त्याच्यामागे आली. पोरगा शिकला, बिबवेवाडीच्या खालच्या अंगाला खोली बघायला गेला, घरमालकाने आडनाव विचारले. ती तिथे आधीच हजर. अमेरिकेत गेला तर तिथेही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने एका बड्या कंपनीत दलित इंजिनियरशी जातीवरून भेदभाव झाल्याचा दावा लावला. २०२३ साली सिअॅटल शहराने जातिभेदावर बंदीचा ठराव केला. सात समुद्र ओलांडून कोण जन्माला आले? माणूस तर विमानाने गेला होता.

जातककथांतही मला हेच दिसते. चित्तसंभूत जातकात चांडाळाची दोन पोरे ब्राह्मण बनून तक्षशिलेला शिकायला जातात. सगळे सुरळीत चाललेले असते. एका जेवणात एकाच्या तोंडाला गरम भात पोळतो, आणि भाजल्याबरोबर तोंडून आपल्या वस्तीची बोली निघते. पकडले जातात, मार खातात. पुढे कथा दोघांना हरणाच्या, पक्ष्याच्या जन्मात नेते. ते मला पटत नाही, पटायची गरजही नाही. तो गरम भाताचा घास मात्र मी विसरू शकत नाही. पेठेत भाड्याने राहून आडनाव गिळणाऱ्या आपल्या प्रत्येक पोराच्या तोंडात तो आहे.

तर पुनर्जन्म ज्याचा होतो त्याचा निर्वाण घडवायचा, हे आपले काम. त्याला ध्यान लागत असेल तर जरूर करा. श्वास बघायला बसताना पूर्वजन्माचे ओळखपत्र कुणी मागत नाही. ज्यांना आई-बाप पुन्हा कुठेतरी असतील असे वाटून बरे वाटते त्यांच्या अंगावरही मी धावून जाणार नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याच्या फोटोशी बोलतात. बोलू देत. पण तो माणसाचा ओलावा झाला. त्याला सिद्धांताचा शिक्का मारून कुणी दुसऱ्याच्या लंगड्या पोराचा गुन्हा सिद्ध करू लागला तर गाठ आमच्याशी.

आणि बाहेरच्यांना उत्तरे देताना आपल्या दारातही जरा बघू. वस्तीत कुणी गेले की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली 'मृतात्म्यास चिरशांती लाभो.' कुठला आत्मा? आत्मा नाही म्हणून तर आपण बाहेर पडलो! पिंडदान, श्राद्ध करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या नावाने जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाच्या पत्रिका छापल्या जातात. त्या वेळी म्हणतात त्या पाली गाथांचा अर्थ कुणी विचारला आहे का? उंचावरचे पाणी सखलाकडे वाहते तसे इथे दिलेले प्रेतांना पोचते, असा तो अर्थ आहे. भाषा बदलली, भटजी बदलला, पाणी त्याच दिशेला वाहते आहे. मेलेल्या माणसाची आठवण काढूच नये असे मी म्हणत नाही. तो कसा जगला, कुणासाठी राबला, मोर्च्यात कुठे होता, कर्ज किती ठेवून गेला आणि ते का झाले, हे त्या दिवशी चारचौघांत बोलावे. त्याच्या नावाने पोरांच्या वह्या-पुस्तकांना पैसे द्यावेत. काही घरांतून हे होतेही. गाथा म्हणायच्याच असतील तर मराठीत अर्थ सांगून म्हणाव्यात. मग कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या ते आपोआप कळेल, आणि भन्तेजींनाही जरा विचार करावा लागेल.

येत्या वर्षावासात नेहमीप्रमाणे विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन सुरू होईल. दरवर्षी आपण काय करतो? सिद्धार्थाचा गृहत्याग चार दिवस डोळे पुसत वाचतो आणि कर्म-पुनर्जन्माचे प्रकरण एका संध्याकाळी, खिरीच्या आधी, उरकतो. ह्या वर्षी तिथे थांबू या. तीन संध्याकाळी द्या त्या प्रकरणाला. पुनर्जन्म मानणाऱ्यांना बोलवा, शिबिरवाल्यांना बोलवा, भन्तेजींना बोलवा, आणि धुणीभांडी आटपून येणाऱ्या त्या बाईला पुढच्या रांगेत खुर्ची द्या. वाचायला चौथा खंड, दुसरा भाग. ज्यांच्याकडे पुस्तक असेल त्यांनी हार काढून घेऊन यावे.